छप्पर उतरवायचं तर थंडीत

नागपूरच्या इतवारीत छपराचा विषय निघतो तो अक्षय्य तृतीयेच्या आसपास. परीक्षा आटोपलेल्या असतात, मुलं मामाच्या गावी निघालेली असतात आणि गेल्या पावसाळ्यात मधल्या खोलीत रात्रभर वाजणारी बादली घरात कोणाला तरी आठवते. मिस्त्रीला निरोप जातो. त्याच्या हातात आधीच तीन-चार घरं असतात, म्हणून तो 'पुढच्या सोमवारी' म्हणतो. तो सोमवार मेच्या तिसऱ्या आठवड्यात उजाडतो. मृग लागायला पंधरा दिवस उरलेले असताना मस्कासाथपासून जगनाथ बुधवारीपर्यंतच्या गल्ल्यांमध्ये उघडी पडलेली घरं दिसू लागतात. डोक्यावर टोपले घेऊन मलबा वाहणाऱ्या बाया आणि सेंट्रिंगच्या प्लेटांनी भरलेले ठेले एकमेकांना वाट देत नाहीत. महापालिकेला जीर्ण इमारतींची आठवण होते तीही याच सुमारास. 'पहिलं पाणी यायच्या आत करून टाक न भाऊ,' हे वाक्य त्या दिवसांत इतवारीत 'जय श्रीराम'इतकंच सर्रास ऐकू येतं.

सगळं शहर ज्या महिन्यात छपरावर चढतं, तो महिना छपराच्या कामासाठी सगळ्यात वाईट आहे. नागपुरात घराचं छप्पर बदलायला योग्य काळ दिवाळीनंतर सुरू होतो आणि फेब्रुवारीत संपतो. हे ऐकून जुनी माणसं मान हलवतात. थंडीत कोणी घर उघडं टाकतं का, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर देता येतं. मे महिन्यातल्या कामाचं समर्थन मात्र आता कठीण झालं आहे.

सुरुवात सरकारी कागदापासूनच करावी. भारतीय मानक ७८६१ हे काँक्रीटचं काम टोकाच्या हवामानात कसं करावं, हे सांगणारं मानक आहे. त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग उष्ण हवेसाठी, आणि उष्ण हवा म्हणजे ४० अंश सेल्सिअसच्या वर. दुसरा थंड हवेसाठी, आणि थंड हवा म्हणजे ५ अंश किंवा त्याखाली. आता नागपूरचं हवामान या दोन रेघांमध्ये बसवून पाहावं. मे महिन्यातलं इथलं सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्या पुढे असतं आणि २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता. (मे २०२४ च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले. तो सेन्सरचा दोष निघाला, पण तो जाहीर होईपर्यंत नागपूरकरांना त्या आकड्यात अशक्य असं काही वाटलं नव्हतं.) उलट बाजूला २९ डिसेंबर २०१८ ची पहाट आहे. त्या दिवशी नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली आणि शहरभर तीच बातमी होती. ५ अंशांखालची पहाट नागपुरात इतकी दुर्मीळ आहे की तिची तारीख लोकांच्या लक्षात राहते. म्हणजे मानकाच्या भाषेत मे महिना जवळजवळ रोजच 'असाधारण हवामान' आहे, आणि ज्या थंडीला घाबरून छपराचं काम पुढे ढकललं जातं ती मानकाच्या लेखी थंडीच नाही.

थंडीत छप्पर करू नये हा सल्ला खोटा नाही, तो दुसऱ्या मुलखातला आहे. अमेरिकेच्या उत्तर भागात घरांवर डांबरी शिंगल्स बसवतात. त्यांच्या मागची चिकटपट्टी उन्हानं तापून खालच्या शिंगलला धरते आणि हवा साधारण ५ अंशांखाली गेली की ती नीट धरत नाही. तिथं छपरावर बर्फ असतो, माणूस घसरतो, दिवस लवकर मावळतो. न्यू जर्सीतला पुतण्या फोनवर 'विंटरमध्ये नका काढू हो काका' म्हणतो तेव्हा तो त्याच्या गावचं बरोबर सांगत असतो. इतवारीतल्या धारस्कर रोडवरच्या काकांना तो सल्ला लागू होत नाही, इतकंच.

मग मे महिन्याची ही रीत आली कुठून? ती कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, काळातली आहे, आणि त्या काळात ती अगदी शहाणपणाची होती.

जुन्या इतवारीचं छप्पर म्हणजे सागाचं आडं, त्यावर टेकलेले फाटे, पट्ट्या आणि वर देशी कवेलू. एक ओळ उताणी, दोन ओळींच्या सांध्यावर दुसरी पालथी. चुना नाही, सिमेंट नाही, खिळा नाही. वजनावर आणि उतारावर सगळं तोललेलं. पुढे मंगलोरी कौलं आली. बासेल मिशननं मंगळुरात १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, आणि विदर्भात त्या चपट्या, खाचेत बसणाऱ्या मालाला लोक इंग्रजी कवेलू म्हणू लागले. ज्याची ऐपत होती त्यानं इंग्रजी घातले, बाकीच्यांचे देशीच राहिले. देशी कवेलूंचं छप्पर दरवर्षी फेरावं लागे. मांजरं त्यावरून पळत, वानरांची टोळी आली की एका उडीत पाच-सहा कवेलू फुटत आणि संक्रांतीला कटलेल्या पतंगामागे पोरं चढत ती निराळीच. हे सगळं नुकसान होई हिवाळ्यात आणि वसंतात. ते भरून काढायचं तर ते झाल्यावर आणि पावसाच्या आधी, म्हणजे वैशाखात. कुंभाराची भट्टीही कोरड्या दिवसांतच लागे. काम दोन-तीन दिवसांचं, त्याला पाण्याचा थेंब लागत नसे आणि ऊन असलं तरी फेरणारा पहाटे चढून दहाच्या आत उतरे. कवेलूंसाठी मे महिना बरोबरच होता.

बदललं ते छप्पर, हंगाम मात्र तसाच राहिला. कवेलूंच्या जागी टिना आल्या, टिनांच्या जागी स्लॅब आला, आणि वैशाखाचा मुहूर्त वारशानं स्लॅबलाही मिळाला.

स्लॅबला पाणी लागतं, आणि पुष्कळ लागतं. काँक्रीट 'वाळत' नाही. सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक क्रियेतून ते घट्ट होतं आणि त्या क्रियेला दिवसेंदिवस ओल हवी असते. भारतीय मानक ४५६ सांगतं की साध्या पोर्टलँड सिमेंटला किमान ७ दिवस पाणी मारा, राख किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस, आणि हवा उष्ण-कोरडी असेल तर मिश्र सिमेंटला १४ दिवस मारणं बरं. आज दुकानात जे पोतं सहज मिळतं ते बहुधा मिश्र सिमेंटचंच असतं. म्हणजे मे महिन्यात इतवारीत स्लॅब टाकणाऱ्यानं दोन आठवडे वर आळी करून पाणी साचवून ठेवायला हवं. प्रत्यक्षात काय होतं? ४५ अंशांत, लू वाहत असताना, मालाच्या पृष्ठभागावरचं पाणी रंधा फिरवून होण्याआधीच उडून जातं आणि त्याच संध्याकाळी केसासारख्या भेगा दिसू लागतात. मिस्त्री त्यावर सिमेंटचं पाणी फिरवतो. भेग दिसेनाशी होते, जात नाही. जुलैत तिच्यातूनच ओल उतरते आणि दोष सिमेंटच्या कंपनीला दिला जातो.

शिवाय ते पाणी आणायचं कुठून? नागपूरचं पाणी पेंच आणि कन्हानचं. जुलै २०१९ मध्ये पेंचचा साठा इतका खाली गेला होता की शहराला आठवड्यातून तीन दिवस पाणीपुरवठा बंद ठेवावा लागला. दरवर्षी तशी वेळ येत नाही, हे खरं. पण उन्हाळ्याच्या टोकाला, जेव्हा कूलरच्या टाक्याच रोज दोन-दोनदा भराव्या लागतात, तेव्हा गच्चीवर पाण्याची आळी भरून ठेवणं गल्लीतल्या शेजाऱ्यांना रुचत नाही आणि घरमालकालाही परवडत नाही. म्हणून चार दिवस पाणी मारलं जातं, पाचव्या दिवशी विसरलं जातं. जानेवारीत तीच आळी सकाळी भरली तर संध्याकाळपर्यंत टिकते.

थंडीची एक अट मात्र आहे आणि ती लपवून चालणार नाही. स्लॅबखालच्या बल्ल्या कधी काढाव्यात याचं कोष्टक मानक ४५६ मध्ये दिलं आहे. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४ दिवस. पण हे दिवस हवा १५ अंशांखाली जात नसेल तरचे आहेत. डिसेंबर-जानेवारीत नागपुरातली रात्र १५ च्या खालीच असते, कधी १० च्याही. दिवसा २७-२८ अंश असले तरी रात्रीचे ते तास काँक्रीट आळसावतं. तेव्हा बल्ल्या आणखी काही दिवस राहू द्याव्यात. खरी अडचण इथंच येते, कारण सेंट्रिंगवाल्याचं भाडं दिवसावर असतं आणि त्याला प्लेटा पुढच्या घरी न्यायच्या असतात. घरमालकानं हे चार-पाच दिवस आधीच ठरावात बोलून घ्यावेत. मे महिन्यातल्या भेगांपेक्षा ते भाडं नक्कीच स्वस्त पडतं. आणि ३.५ अंशांची पहाट आलीच, तर ताज्या स्लॅबवर पहिल्या रात्री तणस किंवा जुनी पोती अंथरून वर ताडपत्री टाकली की काम भागतं.

टिनांची गोष्ट वेगळी आहे, पण निष्कर्ष तोच. पोलाद तापलं की वाढतं. सहा मीटर लांबीच्या पत्र्यात ४० अंशांच्या फरकानं जवळजवळ तीन मिलिमीटरची वाढ होते. भर मे महिन्यात दुपारी, पत्रा पूर्ण ताणलेला असताना स्क्रू आवळले, तर पुढे थंडीच्या प्रत्येक रात्री तो आकसताना त्याच स्क्रूंना ओढणार, भोकं लांबट होणार आणि खालचे रबरी वायसर सैल होणार. पत्रा मधल्या तापमानाला असताना बसवला तर ओढ दोन्ही बाजूंना वाटली जाते. हे पुस्तकी वाटलं तर जुन्या टिनाखाली उभं राहून भोकांकडे वर पाहावं.

टिन घालावंच का, हाही प्रश्न आहे. इतवारीत कवेलू काढून टिना घालणाऱ्यांना दोन वर्षांत दोन गोष्टी कळतात. उन्हाळ्यात घर भट्टी होतं, ही एक. दुसरी कोणी सांगत नाही. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री टिन आपली उष्णता आभाळाकडे सोडून देतं आणि हवेपेक्षाही थंड पडतं. मग घरातल्या माणसांच्या श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ त्याच्या आतल्या बाजूला थेंब होऊन जमते. पहाटे पाऊस नसताना घर ठिबकतं. कवेलूंच्या फटींमधून ही वाफ निघून जात असे. टिनच घालायचं असेल तर खाली हवा खेळती ठेवून आतून छत करावं आणि वरून पांढरा रंग किंवा चुना द्यावा. तेलंगणानं २०२३ मध्ये शीतल छपरांचं धोरणच आणलं आणि त्याचा गाभा हाच आहे की छप्पर पांढरं किंवा ऊन परतवणारं असावं. नागपूरचा स्वतःचा उष्णता कृती आराखडा २०१६ पासून आहे. त्यात दुपारी १२ ते ४ उन्हात कष्टाची कामं टाळण्याचं आवाहन दरवर्षी होतं, आणि त्याच दुपारी त्याच शहरातली शेकडो माणसं तापलेल्या पत्र्यावर अनवाणी पंजे वाचवत स्क्रू पिळत असतात. टिनाला हात लावला तर कातडी चिकटेल अशी स्थिती असते. मे महिन्यातला दिवस तेरा तासांचा असला तरी त्यातले मधले चार-पाच तास कामाचे नसतात, आणि ते कामाचे धरले जातात यावर आपण फार बोलत नाही. डिसेंबरातला दिवस जेमतेम अकरा तासांचा, पण सकाळी दव सुकलं की संध्याकाळी पाचपर्यंत अखंड. दव सुकायची वाट मात्र बघायलाच हवी. ओल्या कवेलूवर पाय ठेवणारा माणूस खाली येतो.

आता लोकांची अडचण. ती हवामानाची कमी आणि संसाराची जास्त आहे.

मे महिन्यात घर रिकामं करता येतं. मुलं गावी, म्हातारी माणसं मुलीकडे, उरलेले शेजारच्या गच्चीवर झोपतात, आणि गच्चीवर झोपणं ही नागपूरच्या उन्हाळ्यातली चैनच आहे. जानेवारीत मुलांच्या शाळा असतात, घरात दहावी-बारावीचा विद्यार्थी असेल तर बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली असते. घरात दम्याचा माणूस किंवा तान्हं मूल असेल, तर छपराविना एक रात्रही नको. ही हरकत खरी आहे आणि तिच्यावर एकच उत्तर आहे. घर एकदम उघडायचं नाही. सकाळी जेवढं उतरवलं तेवढं संध्याकाळी झाकलं गेलं पाहिजे. मागची खोली आधी, मग मधली, मग पुढची. कवेलू फेरणारे जुने लोक असंच करत. टिनांचं काम असं तुकड्यांत सहज होतं. स्लॅबला ते जमत नाही हे कबूल, पण स्लॅबसाठी घर मे महिन्यातही महिनाभर सोडावंच लागतं. बोर्डाचा विद्यार्थी घरात असेल त्यांनी काम दिवाळीनंतर लगेच, नोव्हेंबरात काढावं.

दुसरी हरकत पंचांगाची. पौषात शुभकार्य नको, आणि इतवारीतल्या हिंदी भाषक घरांमध्ये डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत खरमास. त्यात पंचक. पंचकात छत घालू नये हा संकेत तर थेट छपराबद्दलच आहे. पण पंचक महिन्याला पाचच दिवस असतं, उरलेले दिवस मोकळे असतात. खरमास पाळणाऱ्यांना नोव्हेंबर आणि संक्रांतीनंतरचा काळ आहेच. शिवाय जुनं छप्पर दुरुस्त करणं म्हणजे वास्तुशांत नव्हे, हे बहुतेक गुरुजी विचारल्यावर सांगतात. लोक विचारत नाहीत, कारण पौष हे कामाची टाळाटाळ करायला बरं निमित्त आहे.

तिसरी हरकत बाजाराची आहे आणि ती इतवारीपुरती सगळ्यात जड आहे. दिवाळीपासून लगीनसराई सुरू होते. सराफा ओळीत आणि किराणा ओळीत पाय ठेवायला जागा नसते. खाली दुकान, वर घर अशी इथली रचना. भर हंगामात दुकानावर मचाण बांधून मलबा खाली टाकायचा म्हटलं तर कोणता व्यापारी तयार होईल? पण मे महिन्यातही लग्नं असतातच, गल्ली तितकीच अरुंद असते आणि मालाची गाडी तेव्हाही रात्रीच आत शिरते. खरमासातल्या त्या चार आठवड्यांत लग्नं थांबलेली असतात. व्यापाऱ्याच्या दृष्टीनं इतवारीत छप्पर उतरवायला त्याहून मोकळा काळ वर्षात नाही. पंचांग आणि बाजार इथं परस्परविरोधी साक्ष देतात, आणि ज्यानं त्यानं आपला साक्षीदार निवडावा.

अवकाळी पावसाचं भय आहे ते मात्र थट्टेवारी नेण्यासारखं नाही. विदर्भावर हिवाळ्यात उत्तरेकडचे थंड वारे आणि बंगालच्या उपसागराकडचं बाष्प एकमेकांना भिडतात आणि गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट शेतकऱ्यांना अजून आठवते. तिनं राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांना झोडपलं होतं. म्हणून जाड ताडपत्री, दोर आणि विटा पहिल्या दिवसापासून जागेवर असाव्यात, आणि हवामान खात्याचा पाच दिवसांचा अंदाज बघूनच पुढची खोली उघडावी. तरीही हिशेब सरळ आहे. जानेवारीत पाऊस येण्याची शक्यता असते, जूनमध्ये त्याचं येणं ठरलेलंच असतं. आणि जानेवारीत टाकलेल्या स्लॅबची फेब्रुवारीत पाणी साचवून परीक्षा घेता येते, झिरपलं तर कोबा करायला तीन महिने मिळतात.

सरकारला हे कळलेलं आहे, निदान स्वतःपुरतं. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारापासून चालत आलेल्या संकेतानुसार विधिमंडळ नागपुरात भरतं ते हिवाळ्यात. २०१८ मध्ये पावसाळी अधिवेशन नागपुरात घ्यायचा प्रयोग झाला आणि ६ जुलैला मुसळधार पावसाचं पाणी विधानभवनातल्या विजेच्या यंत्रणेपर्यंत पोहोचलं, दिवे गेले, कामकाज थांबवावं लागलं. पुढच्या वर्षी अधिवेशन पुन्हा डिसेंबरात. त्याआधी रविभवन, नागभवन, आमदार निवास यांची डागडुजी आणि रंगरंगोटी ऑक्टोबर-नोव्हेंबरात उरकली जाते. शासनाची छपरं थंडीच्या सुरुवातीला नीट होतात. नागरिकांच्या छपरांना मात्र जून गाठावा लागतो.

त्याला कारण नोटिसांचं वेळापत्रक. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली पडायला आलेल्या बांधकामाबद्दल आयुक्त नोटीस देऊ शकतात, आणि त्याला महिन्याचं बंधन नाही. तरीही पाहणी होते उन्हाळ्यात आणि याद्या निघतात पावसाळ्याच्या तोंडावर. अभियंता एप्रिलमध्ये घरात येतो तेव्हा भिंत खडखडीत कोरडी असते. ओल कुठून आली, आडं कुठं कुजलं, कोणता फाटा फुगला, हे दिसतं ते भाद्रपद-आश्विनात. मारबतीच्या मिरवणुका इतवारीतून निघेपर्यंत कोणाचं छप्पर कुठं गळतं हे सगळ्या गल्लीला ठाऊक झालेलं असतं. पाहणी ऑक्टोबरात करावी, नोटीस दिवाळीनंतर द्यावी आणि दुरुस्तीची मुदत फेब्रुवारी अखेरची ठेवावी. याला नवा कायदा लागत नाही, नवा निधी लागत नाही. झोन कार्यालयातलं एक वेळापत्रक बदलावं लागतं.

वेळ हाताशी असावा याला आणखी एक कारण आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या यादीत नुसते कवेलू बदलणं, छप्पर आहे तसं नव्यानं घालणं ही परवानगी न लागणारी कामं आहेत. कवेलूंच्या जागी स्लॅब टाकणं हे त्यात बसत नाही, आणि बसू नये. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर जातं. दहा बाय बाराच्या खोलीवर साडेतीन टनांच्या आसपास. पांढऱ्या मातीच्या भिंतींवर आणि सागाच्या खांबांवर उभ्या असलेल्या घराला हा भार कोणी विचारलेला नसतो. मे महिन्याच्या घाईत अभियंत्याला बोलावायला कोणाला सवड नसते, मिस्त्रीच 'काही होत नाही' म्हणतो. त्या घाईत सागही जातो. शंभरेक वर्षांची मयाल (तुळई) लकडगंजच्या दिशेनं मिळेल त्या भावानं रवाना होते. नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून गेलं याचा शहराला अभिमान आहे, आणि इतवारीतल्या घरांच्या डोक्यावरचं तसंच लाकूड मलब्यासोबत उतरतं. पुष्कळ घरांना स्लॅब नकोच असतो. चांगली लाकडं ठेवून, कुजलेली बदलून वर इंग्रजी कवेलू घातले तर ते घर पुढची पिढी काढेल. पण स्लॅबचं घर हे सोयरिकीच्या बैठकीत सांगता येतं, कवेलूंचं येत नाही.

काहींच्या हातात तर हेही नाही. जुन्या भंडारा रोडसारख्या रस्त्यांच्या रुंदीकरणाची रेघ ज्यांच्या घरावरून गेली आहे, ते नवं छप्पर कोणत्या भरवशावर घालतील? वर्षानुवर्षं ते ताडपत्रीवर ताडपत्री चढवत आले आहेत.

आणि भाडेकरू. इतवारीत तीन-तीन पिढ्या भाड्यानं राहणारी घरं आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार जागा राहण्याजोगी ठेवणं घरमालकावर बंधनकारक आहे. त्यानं केलं नाही तर किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून कापू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. महिन्याला २०० रुपये भाडं असलेल्या जागेचा हिशेब करून पाहावा. वर्षाचे २,४००, त्यातले कापता येतात ६००. एवढ्यात मिस्त्री छपरावर एक दिवसही चढत नाही. घरमालक म्हणतो की २०० रुपयांत मी काय छप्पर घालू, आणि त्याचंही खोटं नसतं. भाडेकरूला भीती असते की एकदा छप्पर उतरलं की घर पाडून बांधायच्या नावाखाली आपण बाहेर पडू. म्हणून दोघंही वाट पाहतात आणि मे येतो. नोटिसांची तारीख आयुक्तांना बदलता येईल, पण ही चतुर्थांशाची मर्यादा फक्त विधिमंडळाला बदलता येते. विधिमंडळाची जागा रुळांच्या पलीकडे, सिव्हिल लाइन्समध्ये आहे, आणि ते तिथं भरतं डिसेंबरात.